दीपधारिणीचे आजारपण

रात्रीच्या नीरव वेळी हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी एक कृश स्त्री, हे चित्र जगातील असंख्य मुलांच्या परिचयाचे आहे. ती स्त्री म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. लोकांनी प्रेमाने तिला दीपधारिणी म्हटले आणि त्याच नावाने ती अजरामर झाली. मात्र युद्धभूमीजवळचे तिचे ते कार्य पुरती दोन वर्षेही चालले नव्हते, आणि तिचे आयुष्य तर नव्वद वर्षांचे होते! दिव्याच्या त्या चित्रामागे एक दुसरे चित्र दडलेले आहे. एक शांत खोली, एक बिछाना, भोवती कागदांचे ढीग, आणि त्या बिछान्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली तीच स्त्री. हे दुसरे चित्र फारसे कोणी काढीत नाही. तिच्या धैर्याची खरी कसोटी मात्र तेथेच लागली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स नगरात झाला आणि त्या नगराचेच नाव तिला मिळाले. तिचे आईवडील इंग्लंडमधील सधन, प्रतिष्ठित घराण्यातले. पार्थेनोपी ही तिची थोरली बहीण. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. आकड्यांचे तक्ते मांडण्यात तिचे मन रमून जाई.

वय वाढू लागले तशी रुग्णांची सेवा करण्याची ओढ तिच्या मनात बळावत गेली. पण त्या काळी इंग्लंडमध्ये परिचारिकेचे काम हलके मानले जाई. थोरामोठ्यांच्या घरातील मुलीने इस्पितळात पाऊल टाकावे, ही कल्पनाच तिच्या आईला आणि बहिणीला सहन होईना. घरात मेजवान्या होत, पाहुण्यांची ये-जा चाले. फ्लॉरेन्स मात्र आतल्या आत झुरत होती. दिवसच्या दिवस काही करू न देणारे ते सुख तिला तुरुंगासारखे वाटू लागले. अन्न गोड लागेना, झोप येईना, आयुष्य व्यर्थ वाटू लागे. मनाचे दुखणे कसे असते, याची ओळख तिला अशी तरुणपणीच झाली.

अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. हाताला काम मिळताच तिची कळा पालटली. दोन वर्षांनी लंडनमधील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

याच सुमारास क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला व रशिया दुसऱ्या बाजूला, असे ते युद्ध होते. इंग्रजी सैन्यातील जखमी आणि आजारी शिपायांना समुद्रमार्गे तुर्कस्तानातील स्कुटारी येथे आणीत. तेथील इस्पितळांची दैन्यावस्था वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि देशभर हळहळ उसळली. सिडनी हर्बर्ट या मंत्र्यांनी फ्लॉरेन्सला पाचारण केले. अडतीस परिचारिकांना बरोबर घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचली. घरच्यांची लाडकी फ्लॉरेन्स आता साऱ्यांच्या नाइटिंगेलबाई झाली.

स्कुटारीच्या त्या प्रचंड इमारतीत शिपाई जमिनीवर ओळीने पडले होते. पुरेशी पांघरुणे नव्हती, स्वच्छ कपडे नव्हते, नीट शिजविलेले अन्न नव्हते. इमारतीखालची गटारे तुंबली होती आणि त्यांची दुर्गंधी सर्वत्र भरून राहिली होती. नाइटिंगेलबाईंनी धुलाईची, स्वयंपाकाची, सामानाची व्यवस्था लावली. तरीही हिवाळ्यात मृत्यूंची संख्या वाढतच गेली. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य मंडळाने गटारे साफ करविली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. फेब्रुवारीत शेकडा सुमारे ४२ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा २ वर आले. शिपाई गोळ्यांनी मरतात त्याहून कितीतरी अधिक घाणीने मरतात, हा धडा नाइटिंगेलबाई जन्मात विसरल्या नाहीत.

मे १८५५ मध्ये त्या प्रत्यक्ष रणभूमीजवळील बालाक्लावा येथील इस्पितळे पाहण्यास गेल्या. तेथेच त्यांना तीव्र ज्वराने गाठले. जवळजवळ दोन आठवडे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. ताप डोक्यात चढे, वात होई. डोक्याचे केसही कापून टाकावे लागले. हे वृत्त स्कुटारीला कळले तेव्हा शिपायांच्या डोळ्यांना पाणी आले. सुदैवाने ताप उतरला. मायदेशी परतण्याचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला, पण काम अर्धवट टाकून जाण्यास त्या तयार झाल्या नाहीत. युद्ध संपून इस्पितळे रिकामी होईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या घरी पोहोचल्या, त्याही वेगळे नाव धारण करून, गाजावाजा टाळून.

लोकांना वाटले, ताप गेला, युद्ध संपले. आता सारे ठीक झाले. पण तो ताप शरीरात काही मागे ठेवून गेला होता.

इंग्लंडला येताच नाइटिंगेलबाईंनी सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी म्हणून खटपट आरंभिली. त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. १८५७ साली सरकारने त्यासाठी आयोग नेमला. रात्रंदिवस आकडे जमवायचे, तक्ते तयार करायचे, अहवाल लिहायचे, असा क्रम सुरू झाला. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या एकाएकी कोसळल्या. छातीत धडधड होई, श्वास लागे, अन्नाची शिसारी येई, झोप नाहीशी झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. आपण आता फार दिवस जगत नाही, असे त्यांना वाटले. डॉक्टरांनाही तसेच वाटले. आपल्या मृत्यूनंतर काय करावे याच्या सूचनाही त्यांनी लिहून ठेवल्या.

मृत्यू आला नाही; पण प्रकृतीही पूर्ववत झाली नाही. काही दिवस बरे जात, मग पुन्हा आजार उलटे. १८६१ च्या अखेरीस तर दुखण्याने कहर केला. पाठीच्या कण्यात असह्य वेदना होऊ लागल्या. चालणे बंद झाले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे तर उचलून न्यावे लागे. ही स्थिती सुमारे सहा वर्षे टिकली.

याच वर्षी त्यांच्यावर दुःखाचे डोंगरही कोसळले. त्यांच्या साऱ्या कार्याचे आधारस्तंभ सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत चालले होते. त्यांनी काम कमी करण्याचे ठरविले, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी त्यांना कठोर शब्दांत दोष दिला. स्वतः आजारी असूनही दुसऱ्याच्या आजाराचे माप त्यांना घेता आले नाही. ऑगस्ट १८६१ मध्ये हर्बर्ट मरण पावले. त्याच नोव्हेंबरात त्यांचे दुसरे निष्ठावंत सहकारी, कवी आर्थर क्लफ, हेही गेले. अंथरुणावर पडलेल्या नाइटिंगेलबाईंना जग शून्य वाटू लागले.

शरीराची व्यथा आणि मनाची व्यथा यांचे नाते येथे स्पष्ट दिसते. ज्याची पाठ रात्रभर ठणकते त्याला झोप कोठून येणार? ज्याला झोप नाही त्याचे मन ताजे कसे राहणार? जो वर्षानुवर्षे खोलीबाहेर जाऊ शकत नाही त्याला एकटेपण छळणारच. आणि आज बरे वाटेल की वाईट, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मनाला स्वस्थता कोठली? नाइटिंगेलबाईंच्या खासगी टिपणांत निराशेचे काळे ढग वारंवार दाटून आलेले दिसतात. आपल्या हातून काहीच झाले नाही, आपले आयुष्य फुकट गेले, असे त्यांना वाटे. सारे जग जिची स्तुती करीत होते, तिला स्वतःचे काही म्हणून चांगले दिसत नव्हते. निराशा माणसाची दृष्टीच अशी झाकून टाकते.

या दुःखात आणखी एका दुःखाची भर पडे. हे आजारपण खरे नाही, असे म्हणणारे लोक होते. भेटायला येणाऱ्यांना टाळण्यासाठी बाईंनी हे सोंग घेतले आहे, असे काहींना वाटे. हे सारे मनाचे खेळ आहेत, असे काहींचे मत होते. बाहेरून जखम दिसत नाही, मोडलेले हाड दिसत नाही, अशा रोग्याच्या वाट्याला हा अविश्वास नेहमीच येतो. त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक चरित्रकारांनी हीच शंका बोलून दाखविली.

पुढे वैद्यकशास्त्राने या कोड्यावर प्रकाश टाकला. १८८७ साली माल्टा बेटात डेव्हिड ब्रूस या सैनिकी डॉक्टरांनी एका जंतूचा शोध लावला. त्या जंतूपासून होणाऱ्या रोगाला आज ब्रूसेलोसिस म्हणतात. शेळीच्या कच्च्या दुधातून हा रोग माणसांत पसरतो, हे १९०५ साली त्याच बेटातील थेमिस्टोक्लीस झामिट या डॉक्टरांनी दाखवून दिले. हा रोग कधी कधी वर्षानुवर्षे शरीरात ठाण मांडून बसतो. ताप येतो आणि जातो, पाठीचा कणा दुखतो, विलक्षण थकवा येतो, आणि मन खिन्न होते. ही खिन्नता त्या रोगाच्या लक्षणांपैकीच एक आहे. क्रिमियातील ताप हा याच रोगाचा असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. इतक्या वर्षांनी त्याचा पक्का पुरावा मिळणे शक्य नाही. पण १८५५ साली हा जंतू कोणालाच ठाऊक नव्हता, हे मात्र निश्चित. आपल्याला काय झाले आहे हे न कळताच नाइटिंगेलबाईंनी ते सारे सोसले.

अशा स्थितीत त्यांनी काय केले? आपल्या अंगात शक्ती किती आहे हे त्यांनी ओळखले आणि ती मोजूनमापून वापरली. एका वेळी एकाच माणसाची भेट घ्यायची, तीही आधी ठरवून. बोलण्याने थकवा येई, म्हणून त्या लिहून काम चालवीत. त्यांचे सहकारी डॉक्टर सदरलंड खालच्या मजल्यावर बसत आणि वरखाली चिठ्ठ्यांची ये-जा होई. पेन्सिल आणि कागद त्यांच्या उशाशी सदैव असत. अंथरुणाला खिळलेल्या या स्त्रीने असंख्य पत्रे, अहवाल आणि टिपणे लिहिली. मृत्यूंच्या कारणांचे त्यांनी रंगीत आलेख काढले. ते पाहून आकड्यांचा कंटाळा करणाऱ्यांनाही सत्य पटे. १८५८ साली इंग्लंडच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तिचीही सूत्रे त्यांनी अंथरुणावरूनच हलविली.

१८५९ च्या अखेरीस शुश्रूषेविषयीचे त्यांचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात औषधांपेक्षा हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता यांचा विचार अधिक आहे. आणि रोग्याच्या मनाचा विचार तर पानोपानी आहे. दिवसेंदिवस त्याच चार भिंती पाहून रोग्याचा जीव कसा कासावीस होतो, दाराबाहेर कोणी कुजबुजले की त्याच्या मनात कशी भीती शिरते, वाट पाहणे आणि अनिश्चितता यांनी तो कसा खचतो, हे त्यांनी सांगितले आहे. एखादे फूल, एखादा सुंदर रंग, खिडकीतून दिसणारा बाहेरचा देखावा रोग्याच्या मनाला तर सुख देतोच, पण शरीरालाही उपकारक ठरतो, असे त्यांचे मत होते. भेटीला येणाऱ्यांनी खोटी आशा दाखवून रोग्याला थकवू नये, असेही त्यांनी बजावले. दीर्घकाळ आजारी असलेल्यांना एखादा लहानसा प्राणी चांगला सोबती होतो, हेही त्या लिहावयास विसरल्या नाहीत. हे सारे ज्ञान त्यांना रुग्णांजवळ बसून मिळाले होते, तसेच स्वतःच्या अंथरुणावरही मिळाले होते.

१८६५ पासून लंडनमधील साउथ स्ट्रीटवरील घरात त्यांचा मुक्काम पडला. त्यांच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि खिडक्यांना पडदे नव्हते. खोलीत फुले असत आणि मांजरे असत. नाइटिंगेलबाईंनी आयुष्यात कितीतरी मांजरे पाळली. त्यांतील एका बोक्याचे नाव जर्मनीच्या मुत्सद्द्यावरून बिस्मार्क असे ठेवले होते. ही मांजरे खुशाल कागदांवरून चालत आणि शाईत भिजलेले त्यांचे पंजे पत्रांवर उमटत.

याच खोलीतून त्यांची नजर भारतापर्यंत पोहोचली होती. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. परंतु येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून त्यांनी पाणी, गटारे, राहण्याच्या जागा यांची खडान्‌खडा माहिती मिळविली. १८६३ साली त्यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातील इंग्रज शिपायांमध्ये पूर्वी दर हजारी ६९ मृत्यू होत. सुधारणा झाल्यानंतर, १८७३ च्या सुमारास, हे प्रमाण १८ पर्यंत उतरले. पुढे त्यांचे लक्ष शिपायांकडून खेड्यांतील रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, गावांची स्वच्छता यांवर त्या लिहू लागल्या. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला.

पण कामाने मनाचे दुखणे नाहीसे झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. कामामुळे कधी मनाला उभारी येई, तर कधी अतिश्रमाने दुखणे बळावे. दुखण्याच्या भरात त्या जवळच्या माणसांवर चिडत, त्यांना लागेल असे बोलत. १८७० नंतरच्या काही वर्षांत तर त्यांना फार खिन्नतेने घेरले होते. १८७४ साली वडील वारले, १८८० साली आई गेली. आईच्या अखेरच्या वर्षांत आपली प्रकृती सांभाळीत त्यांनी तिची सेवा केली.

त्यानंतर हळूहळू आभाळ निवळले. शरीरातील वेदना कमी झाल्या, आणि तसतसे मनही हलके होऊ लागले. १८८२ साली त्यांनी आपल्या परिचारिकांच्या शाळेला प्रथमच प्रत्यक्ष भेट दिली. शाळा निघून बावीस वर्षे झाली होती! पूर्वीच्या करारी बाई आता प्रेमळ आजीसारख्या झाल्या. विद्यार्थिनींना त्या पत्रे लिहीत, चहाला बोलावीत. ज्या बहिणीने एकेकाळी त्यांना विरोध केला होता, ती पार्थेनोपी संधिवाताने अपंग झाली, तेव्हा नाइटिंगेलबाई तिच्या घरी जाऊन राहू लागल्या. एकेकाळी हर्बर्टांच्या दुखण्याची कल्पना न आलेल्या त्याच बाई आता बहिणीची वेदना न सांगता ओळखत होत्या. १८९० साली पार्थेनोपीचे निधन झाले.

उतारवयात नाइटिंगेलबाईंची दृष्टी अधू होत गेली आणि शेवटी त्या अंध झाल्या. १९०७ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा थोर सन्मान दिला. तो मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. १८५७ साली आपण मरणार असे समजून ज्यांनी निरवानिरव केली होती, त्या पुढे त्रेपन्न वर्षे जगल्या! वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन व्हावे असे अनेकांना वाटत होते. पण त्यांच्या इच्छेला मान देऊन घरच्यांनी गावाकडील चर्चच्या आवारात त्यांना विश्रांती दिली. त्यांच्या थडग्यावर संपूर्ण नाव नाही. नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंद एवढेच कोरलेले आहे.

१२ मे हा त्यांचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. माणसाला वर्षानुवर्षे थकवून टाकणारी आणि बाहेरून न दिसणारी एक व्याधी आहे; तिच्याविषयी लोकांना जाणीव करून देण्यासाठीही हाच दिवस निवडण्यात आला आहे. त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू या एका दिवसात सामावल्या आहेत.

दीर्घ आजारात मन खचले, म्हणून कोणी दुबळा ठरत नाही. ताप जसा अंगात येतो, तशीच निराशाही आजाराबरोबर येऊ शकते. आणि दोहोंनाही शुश्रूषा लागते. आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात असे कोणी आजारी असेल, तर त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवावा, त्याच्याजवळ शांतपणे बसावे, त्याला काय हवे ते विचारावे. दीपधारिणीच्या हातातील दिवा रणभूमीवरील रुग्णांसाठी होता. तसाच एखादा दिवा तिच्या खोलीतही कोणीतरी वेळेवर घेऊन यायला हवा होता.